खांदा दोन बोटं वर

गेल्या वर्षी पवित्र शुक्रवारी एर्लिंदा सिकानच्या उजव्या गुडघ्यानं भर रस्त्यात दगा दिला आणि दुःखी मातेची मूर्ती वाहायचा लाकडी आंदा मागच्या बाईच्या खांद्यावर कोसळला. मागची बाई म्हणजे ओतिलिया, कोंबडीवाली, एर्लिंदाची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या गळपट्टीचं हाड कट्‌कन मोडलं. आवाज एर्लिंदानं ऐकला. बँड जोरात चालू होता, तरी ऐकला. राखीव बायका धावल्या, आंदा सावरला, मिरवणूक पुढे गेली. ओतिलिया वेदनेनं पांढरीफटक पडली होती आणि तशातही म्हणत होती, "काही नाही गं, काही नाही, मातेचा मुकुट तर नाही ना पडला?"

सान हासिंतोत मातेला खांदा देणं म्हणजे काय, हे आमच्यात कुणी कुणाला सांगत बसत नाही. घरटी एक तरी बाई त्या लाकडी मंचाखाली गेलेली असतेच. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, बँडच्या ठेक्यावर डुलत डुलत, एवढीच काय ती वाट. पण वर्षभर नवऱ्याची बोलणी खाणारी, दुकानात उभी राहून पाय सुजवून घेणारी, शिलाई मशीनवर वाकून वाकून कमान झालेली बाई त्या एवढ्या वाटेवर गावाच्या डोक्याइतकी उंच होते. एर्लिंदा त्यातली तिसऱ्या प्रकारची. पुरुषांचे मिरवणुकीचे जांभळे झगे शिवून शिवून तिची पाठ मशीनच्या आकाराची झाली होती. नवरा वारला, मुली शहरात गेल्या, मागे राहिलं मशीन आणि वर्षातला हा एक चौक.

तर जानेवारीत मापाचा रविवार आला. चर्चच्या मागच्या ओवरीत सोइलाबाई टेप घेऊन बसते. ती बायकांच्या मंडळाची प्रमुख. बाई कडक, पण कामाला चोख. प्रत्येकीच्या खांद्याची उंची मोजायची आणि एका उंचीच्या बायकांची एक तुकडी करायची, म्हणजे आंद्याचा भार सगळ्यांवर सारखा बसतो. सोइलाबाईचा नियम असा, की आंद्याच्या दिवशी जे बूट घालणार तेच घालून मापाला यायचं. टाचेच्या फरकानं सुद्धा एखादीचा खांदा मोडतो, असं ती दरवर्षी दरडावून सांगते. सगळ्या निमूटपणे जुने काळे बूट पिशवीत घालून आणतात.

एर्लिंदा आली होती जागा सोडायला. तसं ती बोलणारही होती. पण ओतिलियानं दंडाला धरून तिला टेपखाली उभं केलं.

"हिचं माप घ्या, मागोमाग माझं."

सोइलाबाईनं मोजलं आणि चष्म्यावरून बघितलं. "दोघीही खाली आलात की गं. गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटं खाली. जोडीनं म्हाताऱ्या व्हायचं ठरवलंय काय?"

"वय झालं, बाई," ओतिलिया हसून म्हणाली. "कोंबड्या उचलून उचलून झिजले."

"मग खालच्या तुकडीत जा दोघी. आणि एर्लिंदा, तू ऐक." सोइलाबाईनं टेप गुंडाळला. "मी वाईट नाही. पण वर बाराशे किलो लाकूड आणि माता आहे, खाली माणसं आहेत. ह्या वर्षी तुझा गुडघा एकदा जरी वाकलेला दिसला, तर मी तुला चालत्या आंद्याखालून बाहेर काढीन. पुढच्या वर्षीपासून मेणबत्ती धरायची."

मेणबत्ती म्हणजे म्हाताऱ्यांची रांग. आंद्याच्या पुढे, हळूहळू, नातवंडांच्या आधारानं. वाईट काही नाही त्यात. पण एर्लिंदाला घरी जाताना रडू आलं, आणि ते मेणबत्तीमुळे नव्हतं. ओतिलिया पुन्हा तिच्याच मागे उभी राहणार होती. गुडघा पुन्हा गेला तर पुन्हा तोच खांदा. ती जागा सोडायला गेली होती आणि ओतिलियाला अजूनच अडकवून आली होती.

त्याच संध्याकाळी ती मकारियोकाकांच्या दारात गेली. काका तिचे शेजारी, सत्तरीचे, उभी हयात गावच्या अग्निशमन चौकीत स्वयंसेवक म्हणून घालवलेली. चौकीत बंब एक, तोही बऱ्याचदा ढकलत न्यावा लागे, पण एकेकाळी काका माणसाला खांद्यावर टाकून जिना उतरत असत. आमच्या गावात जिम एकदाच उघडली होती. ती बंद पडली आणि आता त्याच गाळ्यात ओतिलियाचं कोंबड्यांचं दुकान आहे. त्यामुळे ज्याला ताकद हवी त्याला काकांशिवाय दार नाही.

"काका, माझे पाय बळकट करा. पवित्र शुक्रवारपर्यंत."

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "डॉक्टर काय म्हणतो गुडघ्याला?"

"म्हणतो हाड ठीक आहे, मांडीत जीव नाही. बसून असते ना मी."

"सामान काय आहे घरी?"

"काही नाही हो. खुर्ची आहे. पिला आहे."

"भरपूर झालं," काका म्हणाले.

पिला म्हणजे परसातलं सिमेंटचं पाण्याचं टाकं, बाजूला कपडे घासायचा कठडा. प्रत्येक घरात असतं. दुसऱ्या दिवशी कॉफी व्हायच्या आत काका परसात हजर. पिलाच्या कठड्यावर हात टेकवून, अंग तिरकं करून, छाती कठड्यापर्यंत न्यायची आणि परत ढकलायची. एर्लिंदाची पहिल्याच खेपेला नाकपुडी टाक्याच्या कडेला लागली. काका हसले नाहीत. मग खुर्ची आणली.

"खुर्चीवर बसायचं नाही. बसायला जायचं. बूड टेकलं न टेकलं, की परत वर."

"आणि टेकलं तर?"

"तर तू बसलीस. सोइलाबाईला सांग, मला मेणबत्ती द्या."

ते वाक्य तिला चाबकासारखं लागलं. त्या दिवशी ती खुर्चीला टेकली नाही.

काकांचा सगळ्यात दुष्ट प्रकार वेगळाच होता. उठता उठता ते मध्येच ओरडायचे, "थांब!" आणि तिला अर्ध्यात थांबावं लागायचं, ना बसलेली ना उभी. मांड्या पेटायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. काका मात्र शेजारच्या पेरूच्या झाडाकडे बघत जुन्या आगीची गोष्ट सांगत राहायचे, आणि गोष्ट संपल्याशिवाय "ऊठ" म्हणायचे नाहीत. एर्लिंदा मनातल्या मनात त्यांना जे जे बोलली ते मातेच्या कानावर न गेलेलं बरं.

पण दुसरी गोष्ट काकांनी नुसती बघितली आणि कपाळाला हात लावला. ती म्हणजे तिची पाठ.

"हे काय करून ठेवलंयस बाई? अशी कमान घेऊन भार उचललास तर तो मांडीवर जाईल कसा? सगळा गुडघ्यात शिरतो. गेल्या वर्षी हेच झालं असणार."

म्हणून मग इलॅस्टिक आलं. तिच्याच धंद्याचं, कमरेला घालायचं रुंद इलॅस्टिक. एर्लिंदानं त्याची तिपेडी वेणी घातली, दाराच्या कडीला बांधली, आणि दोन्ही हातांनी छातीकडे ओढायची. पाठीची दोन पाती एकमेकांना भेटली पाहिजेत, असं काका म्हणायचे. सुरुवातीला ती पाती एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. मग मक्याची पोती आली, आधी अर्धी, मग पाऊण. खांद्यावर टॉवेल, त्यावर पोतं, आणि परसातल्या परसात फेऱ्या. पाठ ताठ. दिवसा झग्यांचा ढीग संपवायचा, कारण उपवासाच्या दिवसांत गावातला प्रत्येक पुरुष आपला झगा आखूड झाला म्हणून येतो. वजन मात्र त्यांचं वाढलेलं असतं.

मार्चमध्ये एकदा गुडघा सुजला. पायरी चढताना कळ आली आणि ती भिंतीला धरून तशीच उभी राहिली. आता संपलं, असं तिला वाटलं. ओतिलियाकडे जाऊन सांगून टाकावं, तू दुसरी जागा घे, माझ्या मागे उभी राहू नकोस. ती दुकानापर्यंत गेलीही. ओतिलिया गिऱ्हाइकाशी भांडत होती, हातात सुरी, एप्रनवर पिसं. एर्लिंदाला बघून म्हणाली, "काय गं, आज एवढी सरळ कशानं चाललीयेस? लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

एर्लिंदा म्हणाली, "अर्धी कोंबडी दे." आणि परत आली. काकांनी आठवडाभर पोतं बंद केलं, खुर्ची चालू ठेवली. सूज उतरली. भीती काही उतरली नाही.

सरळ चालतेस, असं त्या दिवसांत तिला तिघा-चौघांनी म्हटलं. तिच्या जुन्या ब्लाउजचे खांदे मागून ओढायला लागले, तेही तिनं बघितलं, उसवून नीट केले, आणि स्वतःवर खूश झाली. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेला तिचा. पण जानेवारीतलं स्वतःचं माप सोइलाबाईच्या टेपवर तसंच राहिलंय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. काकांच्याही नाही. बुटांची काळजी सगळ्यांनी घेतली होती, पाठीची कुणी घेतली नव्हती.

पवित्र शुक्रवारी दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर घातलेल्या रंगीत भुशाच्या गालिचांवर लोक पाणी शिंपडत होते. धूप डोळ्यांत जात होता. एर्लिंदाची तुकडी चौकात दोन रांगांत थांबली होती, सगळ्या काळ्या कपड्यांत, डोक्यावर काळी जाळी. ओतिलिया तिच्या मागे.

"घाबरलीस?" ओतिलियानं विचारलं.

"नाही."

"मी घाबरलेय," ओतिलिया म्हणाली. वर्षभरात ओतिलिया असं एकदाही बोलली नव्हती.

आंदा आला. आधीच्या तुकडीतली एकेक बाई बाहेर सरकत होती आणि तिच्या जागी नवी आत. एर्लिंदा आत शिरली, उजवा खांदा आंद्याच्या कडेला शिवलेल्या गादीखाली लावला, पाठ ताठ केली. मांड्या घट्ट. काकांनी शिकवलं तसं सगळं. मग शेवटची बाई बदलली, घंटी वाजली, आंदा बसला.

तो तिच्यावर बसला. तिच्या एकटीवर.

पहिल्या पावलालाच तिच्या तोंडातून श्वास निघून गेला. एवढा भार तिनं जन्मात कधी पेलला नव्हता. खांद्याचं हाड गादीतून लाकडाला भिडलं. गेल्या वर्षीपेक्षा जड, दुप्पट, तिप्पट. मी कमकुवत झालेय, असंच तिला वाटलं. तीन महिने खुर्चीशी झटापट करून मी होते त्याहून कमकुवत झालेय. माते, आत्ता नको. एवढ्यात नको.

"एर्लिंदा." मागून ओतिलियाची कुजबूज. "अगं, माझ्या खांद्यावर काहीच नाही."

"काय?"

"काहीच नाही गं! गादी टेकतसुद्धा नाहीये. पुढचीचा पण खांदा रिकामा आहे, मला दिसतंय. तू किती वर गेलीयेस!"

बँडचा ठेका पडत होता, डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक डुलण्याबरोबर सगळं वजन तिच्यावर येऊन आदळत होतं. दोन-तीन ठेके गेले आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिघींचं ती एकटी वाहत होती. जानेवारीत ज्या वाकलेल्या बाईचं माप घेतलं होतं ती बाई आता इथं नव्हतीच.

"वाक ना!" ओतिलिया कळवळली. "वाक, बाई, तुझा खांदा मोडेल!"

वाकणं सोपं होतं. पाठीला ती वाट पाठ होती, नुसतं सैल सोडायचं होतं. पाठ सैल केली की खांदा खाली, भार तिघींत, आणि मग काय? मग भार गुडघ्यात. मग गेलं वर्ष. मग कट्‌कन.

तिनं पाठ सोडली नाही. तिनं गुडघे वाकवले. जरासे, अजून जरासे, बसायला जावं तशी ती खाली खाली गेली, पाठ सरळ ठेवून, आणि अर्ध्यात थांबली. मागून ओतिलियाचा हुंकार आला.

"आला," ओतिलिया म्हणाली. "आला गं माझ्यावर. थांब तिथंच."

थांब म्हणणं सोपं असतं. थांबून चालायचं होतं. अर्ध्या बैठकीत, ठेक्यावर, गालिचांच्या कडेकडेनं, पुढचा चौक अजून अर्धी वाट लांब. मांड्या तर केव्हाच पेटल्या होत्या. इथं पेरूचं झाडही नव्हतं आणि काकांची गोष्टही नव्हती.

आणि तेवढ्यात सोइलाबाईनं तिला पाहिलं.

आंद्याच्या पुढे उलट चालत ती दोन्ही रांगांवर नजर ठेवून होती. तिला दिसलं ते एवढंच, की एर्लिंदा सिकान रांगेतून एकाएकी खाली गेली आणि स्कर्टमधून गुडघे पुढे आले. दुसऱ्या कुणालाही तसंच दिसलं असतं. तिनं राखीव बाईला खूण केली आणि ताडताड आली.

"बाहेर ये. बाहेर ये, एर्लिंदा, हिला आत जाऊ दे."

"नाही."

"गुडघे वाकलेत तुझे! मी सांगितलं होतं ना?" सोइलाबाईनं तिचा दंड धरला. राखीव बाई आत शिरायला बघत होती. ती उंच, घाबरलेली, चुकीच्या मापाची. आंदा हलका हेलकावला आणि मातेच्या पायाजवळची फुलं घरंगळली. लोकांतून "अरे, अरे" असा आवाज उठला. ओतिलियाचा श्वास तिला मानेवर लागत होता, भराभर, लहान मुलासारखा.

एर्लिंदा आयुष्यात सोइलाबाईला उलटून बोलली नव्हती. गावात कुणीच बोलत नाही.

"हात सोडा!" ती ओरडली. "वाकले नाहीत ते! मी वाकवलेत! मी वाकवलेत, सोइलाबाई! सोडा, नाहीतर हिच्यावर पडेल!"

सोइलाबाईचा हात दंडावरच राहिला. तिनं खाली बघितलं, वर बघितलं. ती अनेक वर्षं खांदे मोजत आली आहे, तिला दिसायला वेळ लागला नाही. एर्लिंदाची ताठ पाठ, गादीला टेकलेले तिन्ही खांदे, आणि ही सरळ उभी राहिली तर खांदा कुठं जाईल ते. तिचा चेहराच बदलला.

"देवा," ती म्हणाली. "माप."

तिनं हात सोडला. राखीव बाईला मागे लोटलं. आणि मग सोइलाबाई, जी कुणाच्या शेजारून चालत नाही, ती एर्लिंदाच्या बाजूनं चौक येईपर्यंत चालत राहिली आणि दबक्या आवाजात बोलत राहिली, "डावा. उजवा. तशीच. वर येऊ नकोस. पुढे खड्डा आहे, बघून. आलाच चौक, आलाच." एर्लिंदाला शेवटी रस्ता दिसत नव्हता, घाम आणि पाणी यांत. दिसत होते पुढच्या बाईचे बूट, एवढंच. बूट थांबले. घंटी झाली. तिच्या मागून एक नवी बाई आत सरकली, तिचा खांदा लागला, आणि एर्लिंदा बाहेर आली.

ओतिलिया तिच्या मागोमाग बाहेर आली. दोन्ही हात हलवून दाखवत होती. "बघ! काही नाही! बघ ना!"

एर्लिंदानं बघितलं आणि तिथंच, कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर, बसकण मारली. टेकू दिलं स्वतःला.

सोइलाबाई आंद्याबरोबर पुढे जाता जाता वळून म्हणाली, "पुढच्या जानेवारीत तुझं माप नव्यानं. तू वरच्या तुकडीतली आहेस आता. शाबास, बाई." आणि गर्दीत गेली. तिच्या तोंडून शाबास ऐकायला बायका म्हाताऱ्या होतात.

वरची तुकडी. एर्लिंदाला आधी आनंद झाला आणि मग तिनं ओतिलियाकडे पाहिलं.

"मग मीही येते वर," ओतिलिया म्हणाली. "मलाही शिकव तुझी ती खुर्ची. तू सरळ झालीस तर मी का नाही होणार?" आणि तिथल्या तिथं ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवून, हनुवटी वर, मापाला उभी राहावी तशी. "बघ. किती आले?"

एर्लिंदानं शिंपिणीच्या नजरेनं बघितलं. ओतिलियाची पाठ मुळातच सरळ होती. तिला कधी पोक नव्हतंच. डावा खांदा होता तिथं होता. उजवा, मोडलेला, त्याच्या दोन बोटं खाली होता. हाड तसंच जुळलं होतं, उतरतं. जानेवारीत दोघी मिळून खाली आल्या होत्या खऱ्या, पण ही वयानं आली नव्हती.

"वर्षभर बोलली नाहीस," एर्लिंदा म्हणाली.

"काय बोलायचं त्यात." ओतिलियानं भिंत सोडली. "कोंबडी तोडायला काही अडत नाही. पण मग मी नाही ना येऊ शकत वर?"

"नाही."

रस्त्यावर तुडवलेल्या गालिचांचा भुसा झाडून नेत होते. ओतिलिया तिच्या शेजारी पायरीवर बसली. एर्लिंदाला ओक्साबोक्शी रडायचं होतं. ती रडली नाही, कारण रडली असती तर ओतिलियानं तिलाच समजावलं असतं.

"जानेवारीत मी लांब स्कर्ट घालून येईन," ती शेवटी म्हणाली. "पार घोट्यापर्यंत."

"का?"

"माप खांद्याचं घेतात. स्कर्टाच्या आत गुडघे कुठं आहेत ते कोण बघतं?"

ओतिलियाला कळायला क्षणभर लागला. मग तिनं तोंडावर हात घेतला. "सोइलाबाईला कळेल."

"कळू दे. तिनं टेप लावताना वर बघायचं की खाली, ते ती ठरवील."

"आणि चौकभर? दरवर्षी अशीच अर्धी बसून चालणार? वेडी आहेस का? मरशील!"

"दरवर्षी," एर्लिंदा म्हणाली. "तुझ्या पुढे दुसरी कुणी नको मला."

ओतिलिया रडायला लागली, मोठ्यानं, बाजारात भांडते तेवढ्याच मोठ्यानं. येणारेजाणारे बघायला लागले. एर्लिंदाला उठून तिला घरी न्यायचं होतं, पण मांड्या तिचं ऐकेनात. ती तशीच बसून राहिली आणि तिनं आपला हात मैत्रिणीच्या उतरत्या खांद्यावर ठेवला, अगदी अलगद, भार न घालता.